ओढ्याच्या संघाची पहिली निवड

एका जंगलात वाघ उरला नव्हता. त्यामुळे पळायचं कारणही उरलं नव्हतं. आणि बाळांनो, पळायचं कारण उरलं नाही की प्राणी खेळ काढतात. त्या जंगलानं टोपलीचेंडू काढला.

खेळ सोपा होता. ऐनाच्या उंच फांदीला सुगरणींनी विणलेली टोपली टांगायची. वेलींचा चेंडू करायचा. पाच जण इकडे, पाच जण तिकडे. चेंडू टोपलीत गेला की दोन गुण. टोपलीत कुणी झोपलेलं असलं तर तीन.

जंगलात चार संघ होते. त्यांतला ओढ्याचा संघ सगळ्यांत वाईट होता. त्यांचं भेकर चेंडू अंगावर आला की दचकायचं. साळिंदराकडे चेंडू गेला की काट्यांत रुतून बसायचा, मग खेळ थांबवून तो उपटावा लागायचा. रानकोंबडा चेंडू टाकायच्या आधीच आरवून मोकळा व्हायचा. हा संघ सलग दोन वर्षं शेवटचा आला होता.

आता त्या जंगलात दोन नियम होते. पहिला नियम दयाळू होता. दर वर्षी नवे खेळाडू वडाखाली रांगेत उभे राहायचे, आणि जो संघ शेवटचा आला असेल त्यानं त्यांतून सर्वांत आधी एक निवडायचा. याला म्हणत पहिली निवड. दुसरा नियम तेवढा दयाळू नव्हता. सलग तीन वर्षं शेवटचा आलेला संघ मोडायचा, आणि त्याचं मैदान रानडुकरांना लोळायला द्यायचं.

रानडुकरं आत्तापासूनच मैदानाच्या कडेला येऊन बसू लागली होती.

"तो कोपरा माझा," एक म्हणायचं.

"तिथे दुपारी ऊन येतं. मी आपला ओढ्याकडेला."

ओढ्याच्या संघाचा प्रमुख होता नागोजी गवा. अंगानं भलामोठा, आवाजानं त्याहून मोठा. त्याचं मतही मोठं असायचं, फक्त ते शेवटी बोललेल्या माणसाचं, म्हणजे प्राण्याचं, असायचं. संघाला शिकवायचं काम धुरपदा घोरपड करायची. ती फार कमी बोलायची. त्यामुळे तिचं मत नागोजीपर्यंत सहसा पोचायचं नाही.

त्या वर्षी रांगेत एक हत्तीण उभी राहणार, अशी बातमी आली. नाव रंगी. वय लहान, पण सोंड लांब.

झालं! जंगलभर एकच विषय. पहिली निवड ठेवायची, की कुणाला तरी देऊन तिच्या बदल्यात तयार खेळाडू घ्यायचा?

वठलेल्या सावरीवर पोपट बसत. त्यांना सगळे तज्ज्ञ म्हणत, कारण ते खेळत नसत.

"ठेवा," एक पोपट म्हणाला. "हत्तीण म्हणजे दहा वर्षांची निश्चिंती!"

"द्या," दुसरा म्हणाला. "दहा वर्षं कुणाला हवीत? मैदान याच वर्षी जातंय."

"ठेवा आणि द्या," तिसरा म्हणाला. तो सर्वांत ज्येष्ठ होता.

नागोजी सकाळी पहिल्या पोपटाखाली उभा राहायचा, तेव्हा निवड ठेवायची ठरायचं. दुपारी दुसऱ्याखाली गेला की द्यायची ठरायचं. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी धुरपदाबाई म्हणाली, "नागोजीराव, त्या पोरीला कुणी पाहिलंय का?"

"पाहायचं काय त्यात? हत्तीण आहे."

"मी जाऊन येते. मी येईपर्यंत काही ठरवू नका."

"छे छे! तुमच्याशिवाय कसं ठरेल?" नागोजी म्हणाला.

घोरपडीला हत्तींच्या वस्तीपर्यंत जायला तीन दिवस लागले. तिथे रंगी चिखलात बसली होती. शेजारी तिची आई उभी होती.

"खेळ राहू दे बाई," आई म्हणाली. "आधी सांगा, तुमच्याकडे पाणी किती?"

"कमरेइतकं. उन्हाळ्यातही आटत नाही."

"कुणाच्या कमरेइतकं? तुमच्या की आमच्या?"

धुरपदाबाईनं खरं ते सांगितलं. ओढ्याला एक डोह आहे आणि त्यात रंगी मानेपर्यंत बुडेल. आईनं कान हलवले. मग धुरपदाबाईनं रंगीकडे चेंडू टाकला. रंगीनं तो सोंडेत घेतला, हुंगला, आणि समोरच्या मोहाच्या ढोलीत नेम धरून फेकला. चुकला. पुन्हा फेकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा चेंडू ढोलीत गेला आणि आतून एक घुबड चिडून बाहेर आलं.

रंगी इतकी हसली की चिखलात आडवी झाली.

"मावशी, सगळे माझ्याबद्दल बोलतात म्हणे," ती म्हणाली. "काय बोलतात?"

"ठेवायचं की द्यायचं."

"मला कुणी विचारलंच नाही."

"मी विचारायलाच आलेय," धुरपदाबाई म्हणाली. "येतेस? दोन वर्षं लागतील तुला नीट खेळायला. पहिल्या वर्षी बरंच चुकशील."

"आणि चुकले तर?"

"तर पुन्हा टाकायचा."

रंगीनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "डोह आहे ना? मग जा."

धुरपदाबाई तीन दिवस चालून परत आली, तर मैदानावर ढोल वाजत होते. नागोजीच्या गळ्यात रानफुलांची माळ होती.

"बाई, उडवलीच बहार! पहिली निवड टेकडीच्या संघाला दिली, आणि बदल्यात कुणाला आणलं बघा!"

ऐनाखाली जनार्दनराव वानर बसले होते. बाळांनो, जनार्दनराव फार मोठे खेळाडू होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी टेकडीच्या संघासाठी एका सामन्यात सलग अकरा वेळा चेंडू टोपलीत टाकला होता. तेव्हापासून ते त्या सामन्याबद्दल सांगत होते.

"पण मी येईपर्यंत थांबणार होतात ना?" धुरपदाबाई म्हणाली.

"थांबलोच होतो. पण टेकडीचा प्रमुख चिमाजी कोल्हा आला आणि जरा बोलला."

"आणि तो शेवटी बोलला."

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

धुरपदाबाई वळली आणि थेट डोहाकडे गेली. त्या दिवशी ती डोहाकाठच्या खडकाला चिकटून बसली. संध्याकाळपर्यंत कुणालाही ती तिथून काढता आली नाही.

हंगाम सुरू झाला. पहिल्या सामन्यात जनार्दनरावांनी अर्ध्या मैदानातून चेंडू फेकला आणि तो टोपलीत पडला. जंगल नाचलं. दुसऱ्या सामन्यात त्यांची पाठ धरली. तिसऱ्यापासून ते फांदीवर बसून खेळू लागले, म्हणजे सांगू लागले.

"आमच्या वेळी असं नव्हतं हं," ते वरून म्हणायचे.

खाली भेकर दचकत होतं आणि साळिंदराचा चेंडू उपटणं चालू होतं. ओढ्याचा संघ हरत होता. रानडुकरं खूश होती. त्यांनी मैदानाच्या एका कडेला जरासा चिखलसुद्धा करून ठेवला.

तिकडे टेकडीवर रंगीचं काय चाललं होतं? तिला टोपलीखाली उभं केलं होतं. चिमाजीनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की हत्तीण एकटी हंगाम जिंकून देईल. पहिल्या सामन्यात तिनं सात वेळा चेंडू टाकला, सात वेळा चुकला.

"चुकली!" पोपट ओरडले.

दुसऱ्या सामन्यात नऊ वेळा चुकला. पोपटांनी आकडे जुळवले आणि जाहीर केलं की इतिहासात इतकी मोठी चूक कुणी केली नव्हती. वजनानंही नाही. टेकडीवर तर पाणीही नव्हतं. रंगी सामन्यानंतर धुळीत बसायची आणि सोंड पोटाखाली घालायची. चेंडू जवळ आला तरी ती तो उचलेना. टेकडीचा संघही हरू लागला. चिमाजीचे पाठीराखे "जनार्दनराव परत आणा" म्हणून दवंडी पिटू लागले.

धुरपदाबाईला हे कळलं. त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, तिनं एक युक्ती केली. चिमाजी नागोजीला भेटायला आला, तेव्हा ती तिथेच बसली. चिमाजी बोलला. नागोजी बोलला. पुन्हा चिमाजी बोलला आणि निघून गेला. मग धुरपदाबाई म्हणाली, "जनार्दनराव देऊन टाका आणि रंगी घ्या."

"माझ्या मनातलं बोललात!" नागोजी म्हणाला.

जनार्दनराव टेकडीवर परत गेले. त्यांची मिरवणूक निघाली. रंगी खाली ओढ्यावर आली. तिची मिरवणूक कुणी काढली नाही. ती थेट डोहात शिरली आणि मानेपर्यंत बुडून बसली. धुरपदाबाई काठावर होती.

"मावशी, मी नाही खेळणार," रंगी म्हणाली. "मी टाकते आणि चुकतं. मग सगळे ओरडतात."

"ओरडतात खरे."

"मग?"

"मग काही नाही. पाण्यात बस. वाटलं तर ये."

चार दिवस रंगी पाण्यात बसली. पाचव्या दिवशी सराव चालू असताना साळिंदराच्या काट्यांत चेंडू रुतला. नेहमीप्रमाणे सगळे ओढू लागले. रंगी डोहातून बाहेर आली, सोंडेनं चेंडू अलगद काढला, आणि परत द्यायच्या ऐवजी टोपलीकडे फेकला. चुकला. भेकरानं तो तिला आणून दिला. दचकत दिला, पण दिला. तिनं पुन्हा फेकला.

कुणी ओरडलं नाही. तिथे पोपट नव्हते. सराव बघायला ते कधीच येत नसत.

हंगामाचा शेवटचा सामना ओढा आणि टेकडी यांच्यात होता. दोन्ही संघांचे गुण तळाला, सारखेच. हरेल तो शेवटचा. टेकडीला त्याचं विशेष वाटत नव्हतं, त्यांचं ते पहिलंच वर्ष असतं. ओढ्याचं मात्र तिसरं. रानडुकरं आपापल्या बायकापोरांना घेऊन आली होती.

सामना चुरशीचा झाला. जनार्दनराव टेकडीकडून फांदीवर बसले होते. चिमाजीनं तीन खेळाडू रंगीभोवती लावले होते. तिनं पहिला चेंडू टाकला. चुकला. पोपट ओरडले. दुसरा चुकला. तिसरा टोपलीच्या काठावर बसला, विचार केला, आणि बाहेर पडला.

रंगीनं सोंड खाली घातली. मैदानाच्या कडेनं धुरपदाबाई सरपटत आली.

"मावशी, मी बाहेर जाते."

"जा. पण आधी पुन्हा टाक."

"चुकला तर?"

"तर बाहेर जाऊन पुन्हा टाकू. आपल्याला काय घाई आहे?"

घाई खरं तर फार होती. वेळ मोजायला ठेवलेल्या डहाळीचं शेवटचं पान गळायला आलं होतं. पान पडलं की सामना संपायचा. ओढा एका गुणानं मागे होता. रानकोंबड्यानं चेंडू रंगीकडे उडवला आणि, बाळांनो, तो आरवला नाही. रंगीनं डोळे मिटले नाहीत, पोपटांकडे पाहिलं नाही. डोहाकाठी फेकायची तसा फेकला.

पान पडलं. चेंडूही पडला. टोपलीत.

ओढ्याचा संघ वाचला. मैदान वाचलं. भेकर नाचलं. साळिंदराला मिठी मारायचं सगळ्यांच्या मनात आलं, पण कुणी मारली नाही. रानडुकरं खिन्न होऊन, पोराबाळांना हाकत निघून गेली. रंगीची आई गर्दीच्या मागे उभी होती. तिनं आनंदानं एक झाड पाडलं.

नागोजी तेवढा नाचला नाही. तो सावरीखाली उभा होता आणि वर पोपट कपाळावर पंख मारून घेत होते.

"काय केलंत हे, नागोजीराव! आता टेकडी शेवटची. पहिली निवड त्यांची!"

"बरं मग?"

"मग काय? पुढच्या वर्षी रांगेत कोण येतंय ठाऊक आहे? गेंड्याचं पोर!"

"कसं आहे ते?"

"कुणीच पाहिलेलं नाही!" पोपट एका सुरात म्हणाले. "त्याला शिंग आहे म्हणे."

"टोपलीचेंडूत शिंगाचं काय काम?"

"काम नसेल. पण आहे."

नागोजीनं मान हलवली. "हरलो असतो तर बरं झालं असतं."

"हरलो असतो तर संघच मोडला असता," धुरपदाबाई म्हणाली.

"ते खरं हो. पण पहिली निवड तर मिळाली असती!"

हे ऐकून धुरपदाबाई रंगीकडे गेली. तीच तिची चूक झाली. कारण मग चिमाजी आला आणि शेवटी तो बोलला.

दुसऱ्या दिवशी ठरलं. रंगी टेकडीला, आणि टेकडीची पहिली निवड ओढ्याला. जंगलभर आनंदीआनंद झाला. दोन्ही बाजूंच्या पोपटांनी सांगितलं की आपलीच बाजू जिंकली.

"मला याही वेळी कुणी विचारलं नाही," रंगी निघायच्या दिवशी म्हणाली.

"नाही विचारलं," धुरपदाबाई म्हणाली. तिनं रंगीच्या सोंडेला हलकेच पकडलं आणि बराच वेळ सोडलं नाही. "तिकडे त्यांनी हौद खणलाय. मी काल जाऊन बघून आले. खोल आहे."

"आणि चुकले तर?"

"ते तुला आता माहीत आहे."

पुढच्या वर्षी टेकडीचा संघ पहिला आला. रंगी दर सामन्याला चार-पाच वेळा चुकायची आणि वीस वेळा टाकायची.

आणि वडाखालच्या रांगेतून ओढ्याच्या संघानं गेंड्याचं पोर निवडलं. ढोल वाजले. पोर मैदानावर आलं. ठेंगणं, गोल, सुरकुतलेलं. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि ऐनाच्या बुंध्याला आदरानं नमस्कार केला.

"नमस्कार, नागोजीराव."

"मी इकडे आहे," नागोजी म्हणाला.

"हो का? मला जरा लांबचं दिसत नाही. टोपली कुठे असते?"

धुरपदाबाई पुढे झाली. "ये बाळा," ती म्हणाली, "आधी झाडापर्यंत जाऊ. मग वर बघायला शिकू." आणि ती त्याला घेऊन हळूहळू चालू लागली.

नागोजीनं त्या दोघांच्या पाठीकडे क्षणभर पाहिलं. मग तो घाईघाईनं सावरीखाली गेला आणि वर तोंड करून म्हणाला, "काय हो, आणि पुढच्या वर्षी कोण येतंय?"

तात्पर्य: जो अजून खेळलेला नाही, त्याचा नेम कधीच चुकत नाही. म्हणून बाळांनो, मोठेपणी नाव काढायचं असेल तर कायम होतकरू राहा, पोपटांच्या दृष्टीस पडू नका, आणि काही झालं तरी चेंडू टोपलीत टाकू नका. लोकांना तुम्ही कसे आहात ते कळेल, आणि मग ते तुम्हाला देऊन टाकतील.