चौथ्या मजल्यावरचं बक्षीस

रविवार तेवढा झोपेचा, एवढंच तोलेगेनचं म्हणणं होतं. सहा दिवस ताराझ शहराच्या रस्त्यांवर बस हाकून त्याची कंबर कामातून गेलेली असायची. पण वस्ताद सापारबेकनी त्याला बसमध्येच गाठलं. "पोराला कुस्तीला घाल. नुसतं अंग नाही, मनही तयार होतं." तेव्हापासून दाउरेनला घेऊन दर रविवारी पहाटे कुठल्या ना कुठल्या गावी जाणं बापाच्या गळ्यात पडलं.

त्या रविवारी तो मनोमन म्हणत होता, पोरगं पहिल्याच फेरीत हरू दे, घरी जाऊन आडवा होईन. पोरगं हरेना. शेवटची कुस्तीही त्यानं मारली आणि बक्षिसाला मिळाला एक दांडगा मेंढा.

"अगं, हा चौथ्या मजल्यावर चढवायचा कोणी?" त्यानं बायकोला फोन केला.

"तुम्हीच," कुरालाय म्हणाली. "आणि लवकर या. मेंढ्याची बातमी आधीच इमारतभर झालीय, शेजारचे जेवायला कधी येऊ विचारताहेत."

सुस्कारा टाकून तो वळला, तर मेंढा गायब. दाउरेननं तो हरलेल्या पोराला परस्पर देऊन टाकला होता.

"तो रडत होता, बाबा. वस्ताद म्हणतात, जिंकणाऱ्याचं मन मोठं पाहिजे."

तोलेगेनचा जीव भांड्यात पडला. मेंढा गेला, मेजवानी टळली आणि लेक गुणी निघाला. त्या दुपारी तो अभिमानानं घोरला.

पुढच्या रविवारी सामने नव्हते. तरी भल्या पहाटे दार वाजलं. हरलेल्या पोराचा बाप झुमाबाय टोपी हातात घेऊन उभा होता.

"तुमच्या लेकानं आम्हाला लाजवलं हो. घेतल्यापेक्षा मोठं परत नाही केलं, तर गावात तोंड कसं दाखवू? खाली बांधलंय."

तोलेगेननं खिडकीतून डोकावलं. अंगणातल्या मुलांच्या घसरगुंडीला एक शिंगरू बांधलेलं होतं आणि निम्मी इमारत त्याच्याभोवती गोळा झाली होती. शिंगरू आलं म्हणून बायकांनी मेजवानीचा बेतही आखायला घेतला होता.

"रोज उजाडताच पळवावं लागतं बरं का," झुमाबाय म्हणाला. "रविवारीसुद्धा."

दाउरेन हळूच बापाला बिलगला. "बाबा, तळमजल्यावरच्या साकेनकडे साधी सायकलपण नाही. त्याला देऊन टाकू?"

तोलेगेननं झडप घालून त्याचं तोंड दाबलं. "खबरदार! पुढच्या रविवारी उंट येईल!"

मग त्यानं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला.

"झालं तेवढं मोठं मन पुरे, बाळा," तो थकलेल्या आवाजात म्हणाला आणि बूट शोधू लागला.