मत्सराची लय

कैरोत विरहगीत ऐकून श्रोत्याचे डोळे पाणावले आणि कंबर मात्र स्थिर राहिली, तर ते गीत लग्नमंडपात कोणी वाजवीत नाही. हे मर्म संगीतकार उस्ताद शौकतने ध्वनिमुद्रणाच्या खोलीत सकाळपासून सात वेळा विशद केले होते, आणि सातही वेळा मांडीवर दरबुका हा ढोल घेऊन बसलेल्या वगीहच्या हातून प्रेतयात्रेची चाल निघाली होती. वगीहची सेवा वीस वर्षांची. तरी शौकतने आज स्पष्ट बजावले, की दुपारच्या आत गाणे नाचले नाही, तर उद्यापासून या जागी दुसरा वादक बसेल.

“अरे वगीह, गाण्यातली बाई सवतीमत्सरानं जळतेय. आणि तू तिला थोपटून झोपवतोयस.”

आठव्या खेपेस वगीहची दृष्टी काचेपलीकडे गेली. तेथे त्याची पत्नी इन्साफ कोरसातल्या बायकांत बसली होती, आणि अलेक्झांड्रियाहून नव्याने आलेला अकॉर्डियनवादक नगाती, आपली पाळी येईपर्यंत, तिला संत्रे सोलून एकेक फोड देत होता. इन्साफ हसली. त्यासरशी वगीहच्या दहाही बोटांना पंख फुटले. गायिकेचा विरह धापा टाकीत तालामागे धावू लागला, आणि शौकतसारखा स्थूल पुरुष खुर्ची सोडून नाचला.

महिन्याभरात ते गाणे वरातीवरातींत आणि मिनीबसगाड्यांत घुमू लागले. शौकत व्यवहारदक्ष, पुढच्या ध्वनिमुद्रणाला त्याने नगातीच्या हाती संत्र्यांची पिशवीच ठेवली. परंतु नगाती सरळमार्गी निघाला. त्याने वगीहला बाजूला घेऊन सारे सांगितले.

“उस्तादांचा हुकूम आहे, दादा. माझं तर संत्र्यांनी पोट बिघडलंय.”

वगीहचे मन गंगाजळासारखे निर्मळ झाले. आणि षड्रिपूंतला एक निघून जाताच हातातला प्राणही गेला. चार प्रयत्न फसल्यावर शौकतने जड अंतःकरणाने ताल धरणारे यंत्र आणवून मेजावर ठेवले. वगीह खाली मान घालून दरबुका पिशवीत भरू लागला.

तेव्हा इन्साफ उठली. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तिने यंत्रावरची धूळ हळुवार पुसली.

“गुणाचं दिसतंय हो,” ती शौकतला म्हणाली. “सांगाल तेवढंच बोलतं. जेवणाला नावं ठेवत नाही. आणि घोरत तर मुळीच नसेल.”

तिने यंत्रावर हात ठेवला तो ठेवलाच.

दरबुका पिशवीतून केव्हा बाहेर आला, हे कोणाला समजले नाही. ध्वनिमुद्रकाला लाल दिवा लावण्याचीही उसंत मिळाली नाही, आणि गायिकेने चहाचा घोट तोंडात असतानाच ध्वनिक्षेपक गाठला. गाणे संपले, तेव्हा शौकत स्वतःच्या हातांनी यंत्राची वायर गुंडाळीत होता.

जिना उतरताना शेवटच्या पायरीवर थांबून वगीहने हळूच विचारले, “मी खरंच घोरतो?”

“घोरता,” इन्साफ म्हणाली. “पण त्यावर कोणी नाचायचं नाही, म्हणून घरापुरतंच ठेवलंय.”