आक्कासाहेबांच्या छबीचा कंप निवारिला त्याची हकीकत

॥ श्री ॥ ज्याचें आसन कदापि ढळत नाहीं त्या गणरायास वंदन करोन लिहितों ऐसीजे. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरीं, माघमासीं, एके राज्यीं श्रीमंत निंबाजीराव महाराज यांणीं डीएसएलआर नामें कॅमेरा आणविला, आणि तो एका हातें तलवारीसारखा उगारोन छब्या काढूं लागले, आणि ज्याची छबी काढीत त्यास दोन नाकें व चार मिशा येत. दरबारी मंडळी मर्जी राखोन म्हणत कीं यांत थोर कला आहे. कारभारी तिमाजीपंत यांणीं भीत भीत अर्ज केला कीं कॅमेरा तिपाईवर ठेवावा, तों महाराज रागें भरले, टेकू म्हाताऱ्यांस लागतो ऐसें बोलिले.

ऐसें चाललें असतां महाराजांच्या वडील भगिनी सगुणाबाई आक्कासाहेब यांणीं कायमचा काशीवास करावयाचा निश्चय केला. मातुश्री लवकर निवर्तल्या, तेव्हां आक्कासाहेबांनींच महाराजांस वाढविलें आणि बंदूक धरावयास शिकविलें. जन्मांत त्यांणीं छबी काढूं दिली नव्हती. निघतेसमयीं मात्र एकदां बसतें म्हणाल्या. मेणा दारीं उभा, भोई खोळंबलेले, आणि आक्कासाहेब सदरेच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत येऊन बसल्या. महाराजांनीं छबी काढिली, ती हलली. दुसरी काढिली, तीही हलली. मग पंत म्हणाले भूकंप जाहला असावा, आणि शास्त्रीबोवा लागलीच शांतीचा मुहूर्त पाहूं लागले.

आक्कासाहेबांनीं कॅमेरा मागोन घेतला, छबी निरखिली, आणि हळूच बोलिल्या, "निंबा, मी हललें असतें तर एकटी मीच पुसट आलें असतें. येथें मागची भिंतसुद्धां हलली आहे. हात तुझा कांपतो."

महाराज खालीं पाहोन म्हणाले, "आक्का, तुम्ही चाललां म्हणोन कांपतो."

मग आक्कासाहेब उठोन खिडकीपाशीं बसल्या, कां कीं उजेड असला म्हणजे शटर झटकन मिटतें, आणि महाराजांस जवळ घेऊन त्यांचीं कोपरें बरगड्यांस टेकविलीं, डावा हात लेन्सखालीं दिला, आणि सांगितलें कीं श्वास अर्धा सोडोन बटण हलकेंच दाबावें, बंदुकीचा चाप ओढतोस तैसें. तरी हात स्थिर राहीना. तेव्हां महाराजांनीं आपण होऊन तिपाई मागविली, कॅमेरा तीवर बसविला, टायमर लाविला आणि हात काढोन बाजूस उभे राहिले.

आक्कासाहेब बोलिल्या, "आतां तेथें तुझें काय काम? इकडे ये."

महाराज धांवले, आणि बसतां बसतां पगडी डोळ्यावर आली, आणि आक्कासाहेब मोठ्यानें हंसल्या, तोंच शटर पडलें. छबी लख्ख आली. पगडी वांकडी, आक्कासाहेबांचे दोन दांत नाहींत तेंही दिसे. मंडळी म्हणाली ही दरबारास शोभत नाहीं. महाराजांनीं तीच सदरेवर लाविली, आणि दुसरी प्रत आक्कासाहेबांनीं गांठोड्यांत बांधोन नेली.

सारांश, छबी स्थिर जाहली, मेणा सकाळचा निघावयाचा तो तिसरे प्रहरीं निघाला, आणि महाराज वेशीपावेतों पायीं गेले. घडलें तैसें लिहिलें असे.