आधी सांगणारे भगवानभाऊ

पडदा वर जाण्याआधी भगवानभाऊ स्वतः रंगमंचावर येत आणि नाटकातला खून सांगून टाकत. "दुसऱ्या अंकात पाटलाच्या दुधात इख हाये. पाटलाले मालूम नाई. तुमी चूप ऱ्हाजा."

ब्रह्मपुरीत ते शिंपीकाम करत. आमचा जिल्हा तेव्हा चांदा. शंकरपटात बैलांच्या शर्यती झाल्या की नाटक व्हायचंच, आणि त्यातली चार-पाच भगवानभाऊ बसवत. इतर दिग्दर्शक खुनी शेवटपर्यंत लपवत. भाऊंना ते पटत नसे. "अचानक मेला तं लोकं एक डाव दचकते. मरनार हाये हे मालूम असलं, मंग जागचं हालवत नाई." त्यांचा पाटील पेला उचले, खाली ठेवी, बैलांची चौकशी करी, पुन्हा उचले. चामोर्शीत एक म्हातारी उठून म्हणाली, "पेऊ नोको रे बाबू." याहून मोठं बक्षीस त्यांना ठाऊक नव्हतं.

तालमीत ते नटांकडे पाठ करून बसत आणि बघ्यांच्या पायांकडे पाहत. बोटं आवळली की प्रवेश जमला. कोणी भाषण लांबवलं तर मागे न वळता म्हणत, "तोंड बंद कर. पेल्याकडं पाह्य."

त्या हिवाळ्यात त्यांची बायको सरूबाई नागपूरच्या इस्पितळातून परत आली. होळीपर्यंतच, असं डॉक्टरने भाऊंना सांगितलं होतं. ते त्यांनी मला सांगितलं, नटांना सांगितलं, सगळ्या गल्लीला सांगितलं, आणि प्रत्येकाला बजावलं, "तिले कळू देऊ नोका." दुसरी रीत त्यांना येत नव्हती. सरूबाई, गाय विणार म्हणून, आतापासूनच खरवसाचं आमंत्रण देत होती. आम्ही माना डोलवत होतो. पाटलाचं काम करणारा नट तिला पाहून रस्ता बदलू लागला.

संक्रांतीला तिने नवं पोलकं मागितलं. मी दुकानात बसलो होतो. भाऊ माप घेत होते, मी लिहीत होतो.

"छाती चौतीस," ते म्हणाले. टेपवर त्यांचं बोट अठ्ठावीसवर होतं. मी चौतीस लिहिलं.

"तुमी खरं लिवा," सरूबाई मला म्हणाली. "कापड वाया जाईन. दोन महिने झाले, गल्लीतली एक बाई माह्यासंग भांडली नाई. मले तवाच समजलं."

मी आकडा खोडला. भाऊंनी टेप पुन्हा लावली, पण आकडा त्यांच्याने सांगवेना. तिने मान वाकवून तो वाचला आणि मला सांगितला.