मानाप्रमाणे अँटेना

मार्गशीर्ष वद्य तृतीया, बुधवार. आकाश निरभ्र. सकाळी गवतावर दव, अकरानंतर ऊन कडक, वारा पश्चिमेकडून बेताचा.

एका जंगलात त्या दिवशी जांभळीखाली सभा भरली होती, मुलांनो. जंगल कोणतं ते विचारू नका. ज्यात रस्ते नाहीत आणि जीपगाड्या आहेत, ते.

गाड्या पाच होत्या. पहिली शूरसेन महाराजांची, म्हणजे सिंहाची. दुसरी चिंतोपंत कोल्ह्याची. ते मंडळाचे चिटणीस. तिसरी अस्वलाची, चौथी आप्पा रानडुकराची. पाचवी वामननाना कासवाची. महिन्यातून एकदा हे सगळे डोंगरातून, चिखलातून, ओढ्यानाल्यांतून गाड्या हाकायचे आणि त्याला सहल म्हणायचे. नानांची गाडी कायम शेवटी. ती सावकाश चालायची आणि पुढच्या चौघांची धूळ खायची.

मागच्या सहलीत काय झालं, की करवंदीच्या ओढ्यात नानांच्या गाडीची मागची चाकं वाळूत रुतली. नानांनी हॉर्न वाजवला. पण पुढचे चौघे वळणं पार करून निघून गेले होते. ते घरी पोहोचले, जेवले, झोपले. तिसऱ्या दिवशी आप्पांना लोणच्याची बरणी आठवली. बरणी नानांच्या गाडीत होती. अशा रीतीनं नाना सापडले.

म्हणून ही सभा. पहिला ठराव तातडीनं मंजूर झाला : यापुढे लोणच्याची बरणी महाराजांच्या गाडीत राहील. दुसरा ठराव असा, की प्रत्येक गाडीत वायरलेस बसवावा. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं.

"कोणता वायरलेस चांगला, हे नाना तपासून सांगतील," महाराज म्हणाले. "त्यांना सवड असते."

नाना घरी आले तेव्हा द्वारकाबाई कासवीण अंगण सारवत होत्या.

"अहो, एक सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेला मी तीन दिवस दारात उभी होते. पुन्हा तसं व्हायचं असेल, तर सहलीला जाऊ नका."

"म्हणून तर वायरलेस घेतोय."

"मग नीट बघून घ्या."

नानांना दुसरं काय येतं? ते मिठूशेठ पोपटाच्या दुकानात गेले.

"हा घ्या, नाना! वीस मैल जातो आवाज!"

"कुठून कुठे?"

"डोंगराच्या माथ्यावरून माथ्यावर."

"आणि ओढ्यातून?"

"ओढ्यात कोण जातंय बोलायला?"

"मी," नाना म्हणाले.

मिठूशेठनं जरा विचार केला आणि दोन प्रकारचे संच तपासायला दिले. एक हातात धरायचा वॉकीटॉकी. दुसरा गाडीत पक्का बसवायचा, त्याचा अँटेना टपावर.

आठ दिवस नाना ओढ्यात गाडी घेऊन बसले. हातात आणखी एक वॉकीटॉकी घेऊन द्वारकाबाई वरच्या वाटेनं एकेका वळणामागे जात. चाचणीसाठी वाक्य ठरलेलं नव्हतं, तेव्हा त्या घरातलंच बोलत.

"ऐकू येतंय का? आज पिठलं करू की आमटी?"

नाना वहीत लिहीत. वॉकीटॉकी, गाडीच्या आतून : पहिलं वळण, सगळं ऐकू आलं. दुसरं वळण, "आज पि" एवढंच. तिसरं वळण, नुसती खरखर. मग टपावर चार हात अँटेना लावून पंचवीस वॅटचा संच : पाचवं वळण, पिठलं, आमटी, दोन्ही स्वच्छ. शिवाय "तुम्ही नुसते लिहीत बसता" हेही.

अहवाल अकरा पानांचा झाला. शेवटी एक ओळ होती : सर्व गाड्यांत पंचवीस वॅटचा संच आणि चार हात अँटेना लावावा, शेवटच्या गाडीत तर नक्कीच.

पुन्हा सभा भरली. अहवालाचं कौतुक झालं. अस्वलानं तो हातात घेऊन वजन पाहिलं.

मग महाराजांनी घसा साफ केला. "चार हात. म्हणजे आमच्या गाडीवरच्या झेंड्याएवढा?"

"चार बोटं जास्तच, महाराज," चिंतोपंत म्हणाले.

"नानांच्या गाडीवर?"

सभेत कुणी हललं नाही. मुलांनो, अशा वेळी कुणी हलायचं नसतं.

चिंतोपंतांनी लगेच तोड काढली. अँटेना मानाप्रमाणे असावा. महाराजांना चार हात आणि पंचवीस वॅट. चिटणिसांना तीन हात. अस्वलाला दोन. आप्पांना एक. नानांना एक वीत, आणि संच अर्ध्या वॅटचा.

"महाराज, जरा उलटं होतंय," नाना म्हणाले. "पुढच्याला मागचे लोक लागतात कशाला? मदत मागं राहणाऱ्याला मागावी लागते. माझा आवाज लांब जायला हवा."

"नाना, तुम्हाला असं बोलायचंय तरी काय एवढं?" आप्पा म्हणाले. सगळे हसले.

"मुद्दा मोलाचा आहे," चिंतोपंत म्हणाले. "इतिवृत्तात घेऊ."

"आणि निर्णय?"

"निर्णय झाला की! म्हणून तर मुद्दा इतिवृत्तात."

सहल निघाली. महाराजांचा अँटेना वाऱ्यात असा डोलत होता की वाटेतली झाडं वाकून बघत होती. नानांची वीतभर काडी टपावर दिसतही नव्हती.

करवंदीच्या ओढ्यात नानांची मागची चाकं वाळूत रुतली. अगदी तिथेच.

नानांनी बटण दाबलं. "शेवटची गाडी बोलतेय. चाकं रुतलीत. थांबा." बटण सोडलं.

संचातून महाराजांचा आवाज आला. पाच वळणांपलीकडून, पण असा खणखणीत की ते लोणचं चावताहेत हेही कळत होतं. "शेवटची गाडी, सगळं ठीक ना? अडचण असेल तर सांगा."

"अडचण आहे, महाराज! रुतलोय!"

"नाही ना काही? छान."

"महाराज, ऐका—"

"बघा चिंतोपंत," महाराज म्हणाले, "मागच्या खेपेला केवढा घोळ झाला होता. आज नानांची एक तक्रार नाही."

"वायरलेसचा गुण, महाराज," चिंतोपंतांचा आवाज आला.

नाना टपावर चढले. संच डोक्यावर धरून बोलले. काठावर चढून तारेच्या टोकापर्यंत माइक ओढून बोलले. उत्तरादाखल अस्वलाचं गाणं ऐकू आलं, सगळी कडवी. मग घरी पोहोचल्याबद्दल महाराजांनी सर्वांचं अभिनंदन केलं. त्यात नानांचंही नाव होतं.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई चिंतोपंतांच्या दारात उभ्या राहिल्या.

"आमचे हे आले नाहीत."

"काकू, काळजी कसली? अडकले असते तर बोलले असते. यंत्र आहे आता त्यांच्याकडे."

"आणि यंत्र लागलं नाही तर?"

"आमचं लागतंय ना! स्वतः महाराजांनी विचारलं त्यांना. दोनदा."

द्वारकाबाईंनी पदर खोचला आणि ओढ्याची वाट धरली. चौथ्या दिवशी दुपारी त्यांना नाना भेटले. ते वाळूत खड्डा काढत होते. दोघांनी मिळून चाकाखाली दगड घातले, फांद्या घातल्या. गाडी हलली नाही.

सातव्या दिवशी सकाळी सव्वानऊ वाजता दोघं पायी घरी पोहोचली. गाडी ओढ्यात राहिली. त्याच दिवशी मंडळाच्या इतिवृत्तात नोंद झाली : संच पाच, चालू पाच, तक्रारी शून्य.

तात्पर्य : सावकाश चालणारा शेवटी घरी पोहोचतोच, म्हणून त्याच्यावर मोठा अँटेना वाया घालवू नये.