गोल फिरतंय

लॅपटॉप उघडणं म्हणजे काय मोठं काम! मागचे स्क्रू काढायचे, जुनी डिस्क बाहेर, नवी आत, परत स्क्रू लावायचे. मी उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या ड्रॉइंग विभागात काढलाय. अख्ख्या शहराचे नळ कुठून कुठे जातात ते या हाताने कागदावर उतरवलंय, आणि आजवर एकाच्या नळाला दुसऱ्याचं गटार लागलेलं नाही. अशा माणसापुढे हे एवढंसं यंत्र किती टिकणार? असं मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. घरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे कोणी हरकतही घेतली नाही.

लॅपटॉप मुलीचा. कॉलेजात असताना घेतलेला. लग्न होऊन ती लांबच्या शहरात गेली आणि लॅपटॉप माझ्या वाट्याला आला. तो सुरू व्हायला किती वेळ घ्यायचा हे सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. बटण दाबून मी दाढीला बसायचो. दाढी उरकून, तोंड पुसून, टॉवेल वाळत घालून यायचो, तरी पडद्यावरचं ते पांढरं वर्तुळ आपलं गोल गोल फिरतंच आहे!

दर रविवारी सकाळी मुलीचा फोन यायचा. "बाबा, लॅपटॉप लावा." व्हिडिओ कॉल लॅपटॉपवरच करायचा, हा तिचा दंडक. मोबाइलवर केला की तिला माझं नुसतं कपाळ दिसतं म्हणे. मग मी बटण दाबायचो आणि ती फोन तसाच कानाला लावून थांबायची.

"सुरू झाला का?"

"गोल फिरतंय."

"फिरू दे. काल काय जेवलात?"

मग मी सांगायचो. भाजीत मीठ दोनदा पडलं, गॅलरीतल्या कुंडीत कुणाचं तरी मांजर येऊन झोपतं, बँकेतल्या बाईने माझी सही माझ्यासारखी नाही असं मला तोंडावर सांगितलं! ती खो खो हसायची. मग ती सांगायची. ऑफिसातला साहेब, पोरीचा सर्दी-खोकला, जावयाने इस्त्री करताना जाळलेला त्याचाच शर्ट. शेवटी कधी तरी तिच्याकडे माझ्या नावापुढे हिरवा ठिपका उमटायचा. "आलात बाबा, ठिपका दिसला!" असं म्हणून ती फोन ठेवायची आणि व्हिडिओ सुरू व्हायचा. त्यात जावई, नात, मुलगी सगळे ओळीत ताठ बसून हात हलवायचे. मीही इकडून हलवायचो. मग चित्र अडकायचं आणि जावयाचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं.

"बाबा, आता हे बास झालं," एकदा मुलगी वैतागली. "मी एसएसडी म्हणजे नव्या प्रकारची डिस्क पाठवते. त्यात फिरणारं काही नसतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत लॅपटॉप सुरू होईल. दुकानात नेऊन बसवून घ्या."

"दुकानात कशाला? मी मेलोय का?"

"बाबा!"

"बरं, नाही नेत."

पार्सल आलं. आत नवी डिस्क, एक वायर आणि चिमुकले स्क्रू-ड्रायव्हर. डिस्क हातात घेतली तर वजनच नाही! रिकामी डबी पाठवून कोणी तिला फसवलं तर नाही ना, असं मनात येऊन गेलं. मुलीने फोनवरून सांगितलं तसं आधी वायर जोडून जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. त्याला पुरा एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी, ती ऑफिसला गेलेली असताना, मी ऑपरेशनला बसलो.

आता माझी पद्धत ऐका. लॅपटॉप पालथा घालून त्याच्या पाठीचा मी मोठ्या कागदावर नकाशा काढला. अगदी मापात. जिथला स्क्रू काढला, तो कागदावर त्याच जागी ठेवला. लांब स्क्रू, आखूड स्क्रू, डिस्कच्या चौकटीचे बारके स्क्रू, सगळे आपापल्या गोलात उभे! इतकं सुरेख ड्रॉइंग मी नोकरीतसुद्धा केलं नसेल. जुनी डिस्क काढली, नवी चौकटीत बसवली आणि आता आत सरकवणार, एवढ्यात बेल वाजली.

शेजारचे टेलर मास्तर. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून रोज सकाळी माझ्याकडे चहाला येतात. सोबत म्हणावी तर ती अशी, की मास्तरांनी सगळा जन्म तोंडात टाचण्या धरून काढलाय. त्यामुळे बोलायची सवयच राहिली नाही. येतात, चहा पितात, माझ्या सदऱ्याच्या शिवणीकडे नापसंतीने बघतात आणि जातात.

"बसा मास्तर. कशाला हात लावू नका हं! मी चहा टाकतो."

चष्मा टेबलावर काढून ठेवून मी आत गेलो. चहा घेऊन बाहेर आलो, बघतो तर काय! नकाशा कोरा! एकही स्क्रू जागेवर नाही!

"मास्तर! स्क्रू?"

मास्तरांनी अभिमानाने बोट दाखवलं. खिशात कायम बाळगलेला लोहचुंबक त्यांनी कागदावरून फिरवला होता. सगळे स्क्रू त्याला लटकलेले. आणि तो चुंबक त्यांनी नीट, जपून, माझ्या नव्या डिस्कवर ठेवला होता.

"खाली सांडले असते साहेब. टाचण्या आम्ही अशाच उचलतो."

"अहो, डिस्कवर चुंबक? डिस्कवर चुंबक ठेवतात का कधी?"

"का? काय होतं?"

काय होतं ते मलाही नक्की माहीत नव्हतं. पण चुंबकाने डिस्क पुसली जाते असं कुठे तरी वाचलं होतं. म्हणजे रविवार गेला! लॅपटॉप नाही तर कॉल नाही, आणि आमची ही देवाघरी गेल्यापासून माझ्या आठवड्यात बोलण्याचा वार तो एकच. बाकीचे वार नुसते कॅलेंडरवर असतात. मी मुलीला फोन लावला. तिने उचलला नाही. मग मी तिला आवाजी निरोप ठेवला.

"अगं, मी बोलतोय. तू घाबरू नकोस. सगळं संपलं असं वाटतंय. चूक मास्तरांची आहे, पण त्यांना बोल लावू नकोस. रविवारी आता आपलं बोलणं होईल असं काही वाटत नाही. सांभाळून राहा."

निरोप पाठवला आणि लक्षात आलं, चुंबकाने मोबाइलही पुसला गेला तर? म्हणून तो आतल्या खोलीत नेऊन उशीखाली ठेवून दिला. दार घट्ट लावून घेतलं. याला म्हणतात दूरदृष्टी!

मग आम्ही दोघं चुंबकावरचे स्क्रू सोडवायला बसलो. मास्तर एक ओढायचे, तो माझ्या हातात येण्याऐवजी उडून टेबलाखाली जायचा. शेवटी आम्ही दोघंही टेबलाखाली! मास्तरांचं डोकं टेबलाच्या एका पायापाशी, माझं दुसऱ्यापाशी. तेवढ्यात बाहेरचं दार धाडकन उघडलं.

"काका! कुठे आहात? हलू नका!"

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. हातात बॅग, पायात घरातल्या सपाता, श्वास वर चढलेला.

"कोण पडलंय?"

"स्क्रू," मास्तर टेबलाखालून म्हणाले.

"काका, छातीत दुखतंय का? हात जड वाटतोय?"

"अहो, मी ठणठणीत आहे!"

"सगळे असंच म्हणतात," असं म्हणून त्यांनी मला तिथेच फरशीवर बसवलं आणि दंडाला पट्टा गुंडाळून फसाफसा हवा भरायला घेतली. रक्तदाब चांगलाच चढलेला निघाला. आता कोणी असं अंगावर धावून आल्यावर तो काय उतरणार होता? तेवढ्यात मास्तरांचाही घेतला. त्यांचा एकदम उत्तम!

बाईंना वर पिटाळलं होतं ते माझ्या मुलीनेच. त्यांनी स्वतःच्या फोनवरून तिला फोन लावला आणि माझ्या कानाला दिला.

"बाबा! असा निरोप ठेवतात का? मी किती फोन केले! मी ऑफिसच्या जिन्यात आहे, बॅग घेऊन निघाले होते..." आणि ती रडायलाच लागली.

मी ओशाळलो. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. माझ्यासाठी कोणी तरी भर कामातून उठून जिना उतरत होतं.

"अगं, चुंबक नव्या डिस्कवर ठेवला गेला..."

ती हुंदके देता देता थांबली. "नव्या? बाबा, एसएसडीला चुंबकाने काहीही होत नाही!"

"काहीच नाही?"

"काहीच नाही! मुकाट्याने बसवा आणि मोबाइल जवळ ठेवा!"

डॉक्टरीणबाईंनी महिनाभर मीठ कमी करायला सांगितलं आणि गेल्या. मी मास्तरांचा चुंबक त्यांच्या खिशात घालून, खिशाला वरून सेफ्टी पिन लावली. मग सगळे स्क्रू नकाशाप्रमाणे बसवले. आणि एक उरला! इवलासा, एकच! नकाशातले सगळे गोल तर भरलेले. परत उघडलं, परत मोजलं, परत लावलं. परत तोच उरला! मास्तरांनी तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "साहेब, कितीही मापात शिवलं तरी शेवटी थोडं कापड उरतंच." आयुष्यातलं त्यांचं सर्वांत लांब वाक्य. मी स्क्रू काड्यापेटीत ठेवला आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

लॅपटॉप सुरू झाला! वर्तुळ एकदा फिरलं न फिरलं, तोच हिचा फोटो समोर. मी दाढीचा साबण हातात घ्यायच्या आत! मी मास्तरांना मिठी मारली. त्यांनी त्यातही माझ्या खांद्याचं माप घेतलं असावं.

रविवारी मी इस्त्रीचा सदरा घालून बसलो. मुलीचा फोन आला.

"बाबा, लॅपटॉप लावा."

"लावला."

"अगबाई! लगेच ठिपका आला की!" असं म्हणून तिने फोन ठेवला आणि व्हिडिओ सुरू केला. चित्र कसं, तर नातीच्या पडलेल्या दाताची खिडकीसुद्धा स्पष्ट. सगळे ताठ बसले, सगळ्यांनी हात हलवले. मी जोरात मान डोलावली आणि चष्म्याची एक काडी निखळून मांडीवर पडली! उरलेला स्क्रू कुठला होता ते तेव्हा कळलं. मास्तरांच्या चुंबकाने टेबलावर काढून ठेवलेला माझा चष्माही गोळा करायचा प्रयत्न केला होता तर! सगळे हसले. मीही हसलो.

"बरे आहात ना बाबा?"

"बरा आहे."

"दिसतायच छान. घरही आवरलेलं दिसतंय. चला मग, हिला पोहायला न्यायचंय. पुढच्या रविवारी बोलूच!"

आणि पडदा मोकळा झाला. आत चहाचं आधण अजून उकळलंसुद्धा नव्हतं.

काय जेवलो ते तिने विचारलं नव्हतं. विचारायचं कधी, ते फिरणारं वर्तुळच आता राहिलं नव्हतं. एवढ्या वर्षांत आम्ही बोलत होतो ते लॅपटॉपवर नव्हेच, तो सुरू होईपर्यंत. आणि ते मी स्वतःच्या हाताने, नकाशा काढून, स्क्रू पिळून बंद केलं होतं! आठवडाभर मला कशातच गोडी वाटली नाही. चष्म्याची काडी मास्तरांनी काळ्या दोऱ्याने शिवून दिली, तेव्हा ही गंमत सांगायला फोन उचलला आणि ती ऑफिसात असेल म्हणून परत ठेवला.

पुढचा रविवार उजाडला. मी सकाळपासून लॅपटॉप लावून समोर बसलो होतो. फोन वाजला.

"बाबा, लॅपटॉप लावा."

कुठून बुद्धी झाली कोण जाणे! माझ्या तोंडून निघून गेलं, "लावलाय. गोल फिरतंय."

"गोल फिरतंय? नव्या डिस्कवर?"

"हो ना! बघ की. काय करावं!"

मी पडद्यावरच्या हिच्या फोटोकडे बघत बसलो.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ठिपका हिरवा दिसतोय."

मी शिवलेला चष्मा काढला, पुसला, परत लावला. तिकडे नातीचा आवाज आला, आजोबा आले का म्हणून. मुलगी तिला म्हणाली, "नाही गं, अजून सुरू व्हायचाय. तू खेळ जा." मग एक दार लागल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला.

"फिरू दे बाबा," ती म्हणाली. "काल काय जेवलात?"

मी भाजीपासून सुरुवात केली. अळणी जेवण, डॉक्टरीणबाईंच्या सपाता, मास्तरांनी शिवलेला चष्मा, सगळं सांगितलं. मग तिचं झालं. जावयाने आता स्वतःचा दुसरा शर्ट जाळलाय. ती खो खो हसत होती.

एसएसडी बसवायची का, असं तुम्ही मला विचाराल, तर कंपन्यांच्या जाहिरातींवर जाऊ नका. त्या रविवारी आमचा लॅपटॉप सुरू व्हायला पुरा तास लागला. जुन्या डिस्कवरसुद्धा इतका कधी लागला नव्हता!