हाबेस, आरिया आणि माझी पेन्शन

पेन्शनवाले साहेब, माझा उजवा हात कळंबोलीच्या लोखंडाच्या यार्डात गेला, तो अपघात होता. डावा तुम्ही पळवलात. दिवसाढवळ्या, वाशीच्या तुमच्या ऑफिसात!

वाचकहो, मी निघालो होतो छाती काढून. अपंग पेन्शनला हवं काय? पगारातून वर्गणी कापलेली हवी आणि होतं ते काम आता जमत नसावं. वर्गणी तर पहिल्या पगारापासून कापलेली! आणि काम? क्रेनच्या हुकाला साखळी अडकवायची आणि ड्रायव्हरला इशारे करायचे. 'हाबेस' म्हटलं की माल वर, 'आरिया' म्हटलं की खाली. "एका हाताचा माणूस काय कामाचा?" म्हणून मालकानं घरी बसवलेलं.

"अहो, तिथे तरी गरीब तोंड करा," बायको, सुचित्रा, म्हणाली.

"भीक मागतोय का? माझ्या घामाचं आहे!"

ऑफिसची लिफ्ट बंद. जिन्यात चार हमाल लोखंडी कपाट उतरवत होते, चौघांची तोंडं चार दिशांना. खालच्या पायरीवर एक डॉक्टर, कानाला मोबाईल. आणि कपाट सुटलं, माजलेल्या रेड्यासारखं त्यांच्याच अंगावर!

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हाबेस! ए निळा शर्ट, मागून धर! आता आरिया... आरिया... हळू रे, नवरी उतरवतोयस समज!" डावा हात पंख्यासारखा फिरत होता. कपाट अलगद टेकलं.

टाळ्या! डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "काका, वाचवलंत! काय काम करता?"

"हेच!" मी फुगून म्हणालो. "क्रेनवर."

सुचित्रानं चिमटा काढला. उशीर झाला होता. आत तपासणीला तेच डॉक्टर! त्यांनी लिहिलं : 'नेहमीचं काम उत्तम करू शकतो. नामंजूर.'

"आणि साखळी कोण अडकवणार? तुमचे वडील?"

"काका, मी डोळ्यांनी बघितलं. खोटं कसं लिहू?"

सुचित्रा भडकली, "मग हेच यांच्या मालकाला लिहून द्या! उद्यापासून जातील कामावर."

"ते आमच्याकडे येत नाही, ताई."

म्हणजे मालकाकडे मी अपंग, तुमच्याकडे धडधाकट! कळंबोली ते वाशी, नेमका कुठल्या स्टॉपवर बरा झालो मी?

कहर पुढेच. निघालो तर शिपाई मागे धावत आला, "काका, साहेब विचारतायत, सोमवारी अजून कपाटं उतरवायचीत. याल का?"

येतो की! फक्त आधी सांगा साहेब, अपंग म्हणून येऊ की धडधाकट म्हणून? तोंडी नको. उत्तर लेखी द्या!